नवी मालगुजारी आणि प्रेक्षकसंख्येचा मोह

पुरोगामी चळवळीच्या सर्व दुखण्यांवर सध्या एकच औषध सुचविले जाते: यूट्यूबवर वाहिनी काढा आणि तिचे प्रेक्षक वाढवा. सभेला माणसे येत नाहीत? वाहिनी काढा. वृत्तपत्रे मोर्च्याची बातमी छापत नाहीत? वाहिनी काढा. साप्ताहिकाची वर्गणी थकली आहे? मग तर वाहिनीवाचून गत्यंतरच नाही! नागपूर-विदर्भातील कार्यकर्त्यांच्या शिबिरांतूनही आता या विषयाचे एक सत्र ठेवण्याची प्रथा पडू लागली आहे. उत्साही तरुण व्याख्याता येतो. चित्रफितीचे मुखचित्र, म्हणजे थंबनेल, कसे भडक करावे, पहिल्या तीस सेकंदांत प्रेक्षकाला कसे खिळवावे, आठवड्यातून किती चित्रफिती टाकाव्यात, हे तो सांगतो आणि श्रोते ते वहीत टिपून घेतात. त्याच शिबिरात शेतमजुरांच्या किमान वेतनाविषयी झालेल्या सत्राची टिपणे मात्र फारच थोड्या वह्यांत सापडतात.

या उपदेशाची चिकित्सा करणे म्हणजे नव्या साधनाला नाक मुरडणे नव्हे. छापखाना आला तेव्हा पोथीचे सोवळे सांभाळीत बसलेल्यांची जी गत झाली, तीच आज कॅमेऱ्याकडे पाठ फिरवणाऱ्यांची होईल. साधन वापरावे की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. साधनाचा मालक कोण, त्याच्या अटी काय, आणि त्या अटी पाळता पाळता चळवळीचे काय होते, हे प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत. 'प्रेक्षक वाढवा' पंथाची मंडळी नेमके हेच प्रश्न विचारीत नाहीत.

नागपूरला प्रसारमाध्यमांचे महत्त्व कोणी नव्याने शिकवावे अशी परिस्थिती नाही. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ साली 'हितवाद' येथूनच सुरू केला. त्याच सुमारास किसन फागूजी बनसोडे यांनी याच शहरात 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०), 'विटाळ विध्वंसक' (१९१३) आणि पुढे 'मजूर पत्रिका' (१९१८) अशी पत्रे एकामागून एक काढली. एक बंद पडले की दुसरे, असा तो प्रवास होता. डॉ. आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत मुंबईहून 'मूकनायक' काढले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या काळचा दारवान दार उघडत नसे, पण तो निदान ओळखू येत असे. त्याचे नाव, पत्ता आणि मते जाहीर होती, आणि त्याच्याविरुद्ध अग्रलेख लिहिता येत असे. आजचा दारवान कोणालाही नकार देत नाही. सर्वांना आत घेतो आणि कोणाला उजेडात बसवायचे, कोणाला अंधारात, हे कोणालाही न सांगता ठरवितो. नकारापेक्षा हा स्वीकार अधिक कावेबाज आहे, कारण अंधारात बसलेल्यास वाटत राहते की आपलेच मुखचित्र फिके पडले असावे.

या पंथाला आधार म्हणून नागपूरचेच एक उदाहरण नेहमी पुढे केले जाते. आंबेडकरी विचाराला वाहिलेल्या 'आवाज इंडिया' आणि 'लॉर्ड बुद्धा' या वाहिन्या याच शहरातून चालतात. उपग्रह आणि केबलचा मार्ग खर्चिक आहे. केबलचालकांना वहनशुल्क द्यावे लागते, दूरदर्शनच्या 'फ्री डिश'वरील जागेचा तर लिलाव होतो आणि बोली कोटींत जाते. अशा स्थितीत इंटरनेटचा मार्ग या वाहिन्यांना उपकारक ठरला, यात शंका नाही. मोठ्या वृत्तवाहिन्या धम्मचक्र प्रवर्तनदिनाला मिनिटभराची बातमी देऊन मोकळ्या होतात. दीक्षाभूमीवरील संपूर्ण सोहळा घरबसल्या पाहण्याची सोय याच वाहिन्यांमुळे झाली. परंतु या उदाहरणातून निष्कर्ष काय निघतो? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दरवर्षी लक्षावधी माणसे पदरमोड करून, शिदोरी बांधून, रेल्वेच्या फलाटावर रात्र काढून दीक्षाभूमीवर येत आहेत. तेथे ती पुस्तके विकत घेतात. ओढगस्तीचा संसार असलेला मजूरही दोन-तीन पुस्तके पिशवीत घालून परत जातो, हे दृश्य नागपूरकरांच्या परिचयाचे आहे. हा समुदाय कोणत्याही वाहिनीने निर्माण केलेला नाही. तो चळवळीने, शाळांनी, वसतिगृहांनी, वस्तीवस्तीतील बुद्धविहारांनी निर्माण केला, आणि वाहिन्यांना तो तयार मिळाला. आधी समाज संघटित झाला, मग प्रेक्षक आले. हा क्रम उलटा करून दाखविणारे एकही उदाहरण या पंथाजवळ नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळणे आवश्यक आहे, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. यूट्यूब ही २००५ साली सुरू झालेली आणि २००६ साली गूगलने १६५ कोटी डॉलरना विकत घेतलेली कंपनी आहे. २०२४ या एका वर्षात तिचे जाहिरातींचे उत्पन्न ३६ अब्ज डॉलरच्या घरात होते. ही कंपनी विकते काय? चित्रफिती ती विकत नाही, त्या फुकट दाखविते. ती विकते प्रेक्षकाचे लक्ष, आणि ग्राहक असतो जाहिरातदार. डॅलस स्माइथ या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली, दूरचित्रवाणीच्या काळात, मार्क्सवाद्यांना उद्देशून हेच बजावले होते. माध्यमांच्या आशयावर ते तावातावाने लिहीत असत, पण प्रेक्षक हाच तेथे विक्रीचा माल आहे ही गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली होती. त्याच्याही आधी, १९७१ साली, हर्बर्ट सायमन यांनी माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो हे दाखवून दिले. जे दुर्मिळ, त्यालाच भाव. तेव्हा 'वाहिनीचे प्रेक्षक वाढवा' याचा आर्थिक अर्थ सरळ आहे: कंपनीसाठी अधिक माल गोळा करून आणा.

या व्यवहाराला विदर्भाच्या इतिहासात एक चपखल नाव आहे. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना गावांचे मालकी हक्क देण्यात आले. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, ते संपले. जमीन मालगुजाराची, राबणारा दुसरा, आणि खंड मालगुजाराचा. यूट्यूबची रचना याहून वेगळी नाही. लांब चित्रफितींवरील जाहिरातीच्या उत्पन्नातून ५५ टक्के कसणाऱ्याला आणि ४५ टक्के मालकाला मिळतात. 'शॉर्ट्स' नावाच्या आखूड चित्रफितींत कसणाऱ्याचा वाटा ४५ टक्क्यांवर येतो. बटईचे प्रमाण म्हणून हे वाईट दिसत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. खळ्यावरची रास मोजतो एकटा मालक. किती जाहिराती दाखविल्या, किती दराने विकल्या, कोणती चित्रफीत किती जणांपुढे ठेवली, याचे मोजमाप त्याच्याकडे आणि माप तपासण्याची सोय कोणाकडेही नाही.

शिवाय वाटा मिळण्यासाठी आधी पात्र ठरावे लागते. वर्षभरात १,००० वर्गणीदार (हे नावाचेच वर्गणीदार, वर्गणी कोणी देत नाही) आणि ४,००० तासांचे प्रेक्षण, ही अट २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाली आणि पुढच्याच महिन्यात जगभरच्या असंख्य लहान वाहिन्यांचे उत्पन्न थांबले. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. सरासरी प्रेक्षक तीन मिनिटे थांबतो असे धरले, तर ८० हजार वेळा कोणी तरी चित्रफीत पाहिली पाहिजे. तोवर काय? तोवर त्या वाहिनीवर जाहिराती दाखवायच्याच नाहीत, असा पूर्वी शिरस्ता होता. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत आणि २०२१ च्या जूनपासून अन्यत्र तोही बदलला. आता पात्र न ठरलेल्या वाहिनीवरही कंपनी जाहिरात लावू शकते आणि तिचे सगळे पैसे स्वतःकडे ठेवते. म्हणजे वर्धा किंवा भंडाऱ्याच्या एखाद्या शेतमजूर संघटनेने कष्टाने केलेल्या चित्रफितीपूर्वी सोन्यावरील कर्जाची जाहिरात लागेल, आणि संघटनेला त्यातला छदामही मिळणार नाही. जुन्या मालगुजारीत याला वेठ म्हणत असत.

आणि तरीही ती जुनी व्यवस्था एका बाबतीत बरी म्हणावी लागते. मध्य प्रांताच्या कुळकायद्यात कुळाचा खंड बंदोबस्त अधिकारी ठरवून देई. मालगुजाराला तो मनास येईल तसा वाढविता येत नसे. परकी साम्राज्यशाहीने मालगुजारावर जेवढा अंकुश ठेवला, तेवढाही अंकुश स्वतंत्र भारताच्या सरकारने या नव्या मालगुजारावर ठेवलेला नाही.

पण उत्पन्न तर मिळते ना, असे विचारले जाईल. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत भरलेल्या 'वेव्हज' परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी मागील तीन वर्षांत भारतातील निर्माते, कलावंत आणि माध्यमकंपन्या यांना मिळून २१,००० कोटी रुपये दिल्याचे सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. त्यांनी त्याच भाषणात आणखी दोन आकडे सांगितले: वर्षभरात भारतातील १० कोटींहून अधिक वाहिन्यांनी चित्रफिती टाकल्या, आणि १० लाख वर्गणीदारांचा टप्पा ओलांडलेल्या वाहिन्या १५,००० हून अधिक आहेत. आता अंकगणित करावे. वर्षाला ७,००० कोटी भागिले १० कोटी वाहिन्या, म्हणजे वाहिनीमागे सरासरी ७०० रुपये, तेही वर्षाचे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे वर्षभराच्या चित्रीकरणाचे फळ रोजगार हमीच्या सव्वादोन दिवसांच्या मजुरीइतके! ही सरासरी आहे, आणि प्रत्यक्षात यातला मोठा हिस्सा चित्रपटसंगीताच्या कंपन्या, वृत्तवाहिन्या आणि शिखरावरच्या थोड्या मंडळींकडे जातो हे उघड आहे. उरलेल्यांच्या वाट्याला किती येत असेल? १० कोटींत १५,००० म्हणजे दहा हजारांत दीड. लॉटरीच्या तिकिटाला निदान कोणी 'निर्मितीची अर्थव्यवस्था' म्हणत नाही.

असो. चळवळीची माणसे पैशासाठी वाहिनी काढीत नाहीत, विचार पोहोचविण्यासाठी काढतात, हा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आशयाकडे पाहूनच द्यावे लागेल. २०१२ साली यूट्यूबने शिफारशीचा निकष बदलला. किती जणांनी चित्रफीत उघडली याऐवजी किती वेळ पाहिली, याला प्राधान्य आले. प्रेक्षकाला खिळवून ठेवणे हाच धर्म ठरला. मग माणसे कशाने खिळतात? ज्याला पाहायचे असेल त्याने डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात यावे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि टेकडी मार्गावर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडविले जातात. हातात बूम घेतलेल्या तरुणांची तेथे दाटी असते. अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्यात शेकडो मैल प्रवास करून आलेली एखादी बाई मानधनाचा हिशेब सांगू लागते. तेवढ्यात पलीकडे कोणा पुढाऱ्याची आणि पोलिसाची शाब्दिक चकमक उडते, आणि सगळे बूम तिकडे वळतात. त्या तरुणांना दोष देण्यात अर्थ नाही. हिशेबाची चित्रफीत चारशे जण पाहतील आणि चकमकीची चाळीस हजार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. बूम हाती धरणारा स्वतंत्र आहे, पण त्याची मान फिरविणारा दोर दुसऱ्याच्या हाती आहे.

पुरोगामी वाहिन्या या दोराला बांधलेल्या नाहीत, असे म्हणण्यास जागा नाही. त्यांच्या मुखचित्रांवरून नुसती नजर फिरविली तरी पुरे: लाल अक्षरे, वटारलेले डोळे, 'भूकंप', 'पर्दाफाश', 'बोलती बंद'. प्रतिगाम्यांच्या वाहिन्यांवरही हेच शब्द असतात, फक्त बोलती कोणाची बंद झाली एवढाच फरक. सहकाराची पीछेहाट, कापसाच्या हमीभावाचे गणित, कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, हे विषय या भाषेत मांडताच येत नाहीत. मग ते हळूहळू गळतात आणि वाहिनी चालविणाऱ्यालाच एके दिवशी वाटू लागते की लोकांना ते नकोच होते.

जाहिरातदाराची नावड हा आणखी एक चाप. वादग्रस्त किंवा क्लेशदायक विषयावरील चित्रफितीला पिवळे चिन्ह लागते आणि तिच्यावरील जाहिराती रोडावतात, हा अनुभव निर्मात्यांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. नियम कधी सैल होतात, कधी आवळले जातात. पण जातीय अत्याचार आणि शेतकऱ्याची आत्महत्या हे साबणाच्या जाहिरातीशेजारी शोभणारे विषय नव्हेत, हे त्यामागचे मूळ सूत्र कायम आहे. ज्या विदर्भात हेच जीवनमरणाचे विषय आहेत, त्या विदर्भाचे वास्तव या बाजारात मुळातच उणे किमतीचे ठरते.

आणि प्रेक्षक एका रात्रीत वाढतात ते कशाने, हे नागपूरने १७ मार्च २०२५ रोजी भोगले. औरंगजेबाच्या कबरीवरून झालेल्या निदर्शनात धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली, संध्याकाळी महाल आणि हंसापुरी भागांत दगडफेक-जाळपोळ झाली, आणि शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. आक्षेपार्ह मजकुराची आणि चित्रफितींची शंभरांहून अधिक प्रकरणे सायबर पोलिसांनी नंतर शोधून काढली. दंगलीमागे राजकारण होते, ते केवळ यंत्राचे पाप नव्हे. परंतु भीतीला आणि द्वेषाला जी गती या यंत्रावर मिळते, ती शांततेच्या आवाहनाला मिळत नाही. शांतता समितीच्या बैठकीची चित्रफीत शेवटपर्यंत कोण पाहतो?

याच शहरात झिरो माइलजवळ गोवारी शहिदांचे स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अधिवेशनावर आलेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्या वेळी कोणाच्या खिशात कॅमेरा नव्हता. तरीही ती घटना विस्मृतीत गेली नाही, कारण तो समाज दरवर्षी २३ नोव्हेंबरला तेथे जमतो. आजची कोणतीही हृदयद्रावक चित्रफीत आठवडाभरानंतर यंत्राच्या तळाशी जाते, तिच्या जागी दुसरी येते. पाहणाऱ्यांची संख्या आणि स्मरण ठेवणाऱ्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या पंथाचे आणखी एक आवडते उदाहरण रवीशकुमारांचे. अदानी समूहाने एनडीटीव्ही घेतल्यावर, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, ते बाहेर पडले आणि यूट्यूबवर लक्षावधी प्रेक्षकांसह उभे राहिले. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. परंतु तो प्रेक्षकवर्ग त्यांनी यूट्यूबवर मिळविलेला नाही. दोन दशकांहून अधिक काळ पगारी वार्ताहर, कॅमेरामन आणि संपादक यांच्या फौजेनिशी चाललेल्या वृत्तवाहिनीत तो घडला. गोंदियाच्या कार्यकर्त्याला त्यांचे उदाहरण देणे म्हणजे वारसाहक्काने बंगला मिळालेल्याकडे बोट दाखवून झोपडीवाल्याला बचतीचे धडे देणे होय.

न्याय्य बोलायचे तर या माध्यमाने काही खरोखरच नवे केले. पूर्वीच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीच्या हातची कारल्याची भाजी नातवाने चित्रित केली आणि 'आपली आजी' ही वाहिनी लाखो घरांत गेली. कोणत्या मराठी संपादकाने तिला बोलाविले असते? 'भाडिपा' म्हणजे 'भारतीय डिजिटल पार्टी' या नावाने २०१६ साली निघालेल्या विनोदी मंडळींनी शहरी मराठी तरुणाला त्याच्याच भाषेत हसविले. (खऱ्या पक्षांना न मिळणारे अनुयायी या लटक्या पक्षाला मिळाले, हा विनोद त्यांनी न करताही झाला आहे.) परंतु आजींचीच कथा पुढे वाचली पाहिजे. २०२० च्या ऑक्टोबरात त्यांची वाहिनी कोणी भामट्याने चोरली. चार-पाच दिवस आजींना काही सुचेना, मोठ्या खटपटीनंतर ती परत मिळाली. हातची चव आजींची, मेहनत नातवाची, प्रेक्षक महाराष्ट्राचे, पण वाहिनी एका संकेतशब्दापलीकडे कोणाच्याच मालकीची नव्हती.

आजींना चोराने लुटले. चळवळीला लुटणारा चोर नसतो, त्याच्याजवळ राजमुद्रा असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, 'बोलता हिंदुस्तान' ही वाहिनी बंद करण्यात आली आणि बहुजन प्रश्न मांडणाऱ्या 'नॅशनल दस्तक'ला सरकारी नोटीस गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम हल्ल्यानंतर '४ पीएम न्यूज' बंद झाली. संपादकांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, त्यानंतर बंदी उठली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९-अ कलम आणि त्याखालील गुप्ततेचा नियम यांमुळे बंदीचे कारणसुद्धा संबंधिताला कळेलच असे नाही. आणीबाणीत सेन्सॉर अधिकारी मजकुरावर काट मारीत असे. आता संपूर्ण छापखानाच एका रात्रीत अदृश्य होतो, ग्राहकांच्या नोंदवहीसह. खासगी कंपन्यांच्या हातीही हेच शस्त्र आहे. स्वामित्वहक्काचे तीन ठपके नव्वद दिवसांत लागले की वाहिनी काढून टाकली जाते. दहा सेकंदांच्या दृश्यांसाठी वृत्तसंस्था एएनआय लाखो रुपये मागते, अशी जाहीर तक्रार मोहक मंगल या निर्मात्याने २०२५ च्या मे महिन्यात केली, तेव्हा या शस्त्राची धार सर्वांना दिसली.

ग्राहकांची नोंदवही, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पन्नास हजार वर्गणीदार असलेल्या वाहिनीच्या चालकाला त्यांतील एकाचाही पत्ता ठाऊक नसतो. इंदोऱ्यात किती, बुटीबोरीच्या कारखान्यांतील किती, त्यांपैकी किती जण मतदार, किती केवळ वेळ घालविणारे, याचा त्याला बोध नाही. ती यादी कंपनीजवळ आहे आणि ती मागून मिळत नाही. उलट तीनशे वर्गणीदारांच्या साप्ताहिकाचा कारकून प्रत्येकाला नावाने ओळखतो, वर्गणी थकली की घरी जातो, आणि घरी गेला की चहा, तक्रारी आणि कधीमधी एखादा नवा कार्यकर्ता घेऊन परत येतो. 'बहिष्कृत भारत' चालविताना डॉ. आंबेडकरांनी पत्राच्या आर्थिक विवंचनेचा हिशेब वाचकांपुढे मांडला होता. वाचक हे पत्राचे धनको आहेत की ऋणको, असा प्रश्न विचारता येण्यासाठी वाचक कोण हे आधी माहीत असावे लागते.

म्हणून वाहिनी अवश्य चालवावी, पण तिला भोंगा समजावे, सभासद-नोंदणी समजू नये. चित्रफितीची मूळ प्रत संघटनेच्या स्वतःच्या संग्रहात असावी. ती वस्तीतील समाजमंदिरात वीस माणसांना एकत्र बसवून दाखवावी आणि नंतर तासभर चर्चा करावी. वीस माणसांचा तो तास यंत्राच्या दृष्टीने कवडीमोल आहे, हीच त्याची गुणवत्ता. एका चित्रफितीच्या संपादनात कार्यकर्त्याचे दोन दिवस जातात, त्या दोन दिवसांत त्याने किती उंबरठे ओलांडले असते, याचा हिशेब जिल्हा समितीने दरमहा मागावा. संकलन करणाऱ्या मुलांना 'चळवळीचे काम' म्हणून फुकट राबविण्याची जी चाल पडली आहे, तीही बंद करावी. किमान वेतनाचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या ओसरीवर वेठ चालविणे शोभत नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेला 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह मराठीसह अनेक भाषांत, जाहिरातीवाचून, लोकांच्या देणग्यांवर चालतो. त्याची वाढ सावकाश आहे आणि त्यातील दहा वर्षांपूर्वीचा लेख आजही सापडतो.

हे झाले संघटनेपुरते. खरा लढा मालकीच्या प्रश्नावर आहे आणि तो कायद्याच्या क्षेत्रात लढावा लागेल. केंद्र सरकारने २०२३ साली प्रसारण सेवा विधेयकाचा जो मसुदा पुढे आणला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्याची सुधारित आवृत्ती गुंडाळून ठेवली, त्यात निर्मात्यांवर नियंत्रण आणण्याचा खटाटोप होता. मालगुजाराला हात न लावता कुळांवर फटके ओढण्याचाच तो प्रकार. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात उलट दिशा धरली. मोठ्या कंपन्यांनी शिफारशीचे निकष जाहीर केले पाहिजेत, प्रेक्षकाच्या सवयींवर पाळत न ठेवता चालणारा एक पर्याय दिला पाहिजे, आणि मजकूर काढल्यास लेखी कारण दिले पाहिजे, असे बंधन तेथे आहे. तो कायदा भांडवलदारी चौकटीतलाच आहे, पण बंदोबस्त अधिकाऱ्याएवढा अंकुश त्यात निश्चित आहे. भारतात त्यापुढे जाऊन जाहिरात उत्पन्नाच्या हिशेबाची सरकारी तपासणी, अपात्र ठरविलेल्या वाहिन्यांवरील जाहिरातीचा वाटा देण्याची सक्ती, बंदीपूर्वी सुनावणी आणि मराठीसह सर्व राज्यभाषांतून अपिलाची सोय, या मागण्या करता येतील. कायदा केंद्राचा असल्याने निवेदने विदर्भातील खासदारांच्या दारी न्यावी लागतील. मसुदा तयार करण्यास पंधरवडा पुरेल. त्याची चित्रफीत काढायची की नाही हे नंतर ठरवावे, आधी त्याच्या छापील प्रती इंदोरा, महाल आणि बुटीबोरीत वाटाव्यात आणि सह्या घेताना प्रत्येकाचा पत्ता लिहून घ्यावा.